सलग दहा वर्षांचा दाखला

आमच्या घरी आंब्यांच्या आधी अर्ज यायचे. थंडी सरत आली, पहाटे अंगावरचं पांघरूण नकोसं व्हायला लागलं, की रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजायची. दारात दोन-तीन मुलं, त्यांच्यातल्या कुणाचे तरी वडील आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. अप्पा धारवाडच्या एका हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायचे. त्यांच्या हाताखालून दहावी होऊन गेलेली मुलं पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला गेली, की पुन्हा त्यांच्याकडेच यायची, कारण पुढच्या कॉलेजचा अर्ज हे प्रकरण त्यांच्या घरात कुणालाच उमगायचं नाही. आई बाहेरच्या खोलीत जमखाना अंथरायची. अप्पा भिंतीला टेकून बसायचे, चष्मा कपाळावर, मांडीवर पुठ्ठा. त्यांची एक पद्धत होती. आधी सगळा अर्ज मुलानं मोठ्यानं वाचायचा, मग कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं उत्तरं लिहायची, ती अप्पा तपासणार आणि मगच खऱ्या अर्जावर शाई लागणार. शाई लावायचं काम माझं, कारण घरात अक्षर माझंच बरं होतं. "आधी वाच, मग लिही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजसुद्धा कुठल्याही कागदावर सही करताना ते कानाशी येतं.

आतून चुरमुऱ्याच्या सुशीलाचा वास यायचा. भिजवलेले चुरमुरे, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. अर्ज भरायला आलेलं कुणीही खाल्ल्याशिवाय जायचं नाही, हा आईचा नियम. त्यामुळे कधीकधी अर्जाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागायचं आणि अप्पा आईवर वैतागायचे. आई म्हणायची, "लागू दे की. शुभ असतंय." अप्पांचा शुभ-अशुभावर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, चांगल्या शाळेवर. खेड्यातून आलेल्या प्रत्येक बापाला ते तेच सांगायचे, की पोरगं हुशार असेल तर आठवीला धारवाडला आणा, तिथं ठेवून वाया घालवू नका. त्यांचं ऐकून किती मुलं भाड्याच्या खोल्यांत, नातेवाईकांच्या माळ्यावर येऊन राहिली असतील, देव जाणे. आमच्याकडे नंदा आली ती त्याच तत्त्वानं.

नंदा माझ्या आत्याची थोरली मुलगी, माझ्याच वयाची. आत्याचं गाव कलघटगीच्या पलीकडे, बस जिथून मागे वळते तिथून अजून थोडं चालत. आत्याच्या यजमानांचं तिथं छोटं किराणा दुकान होतं. गावात दहावीपर्यंतची कन्नड शाळा होती, ती काही वाईट नव्हती, आणि नंदा तिथं पहिली यायची. पण अप्पांना ती तिथं वाया जाताना दिसत होती. आणि खरं सांगायचं तर अप्पांपेक्षा जास्त हट्ट माझा होता. मी एकुलती एक. दर मे महिन्यात त्या गावाहून परत येताना मी बसमध्ये रडायचे, आणि सातवीच्या सुट्टीनंतर तर मी दोन दिवस जेवले नाही. आत्या म्हणाली, "अण्णा, ही पोर उपाशी मरेल. घेऊन जा नंदाला." अप्पांना आमच्या भागात मोठ्या भावाला म्हणतात तसं ती अण्णाच म्हणायची. नंदा तेव्हा दुकानाच्या उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. तिला कुणीच विचारलं नाही. हे आत्ता लिहिताना मला जितकं टोचतंय तितकं तेव्हा टोचलं नव्हतं, तेव्हा मी आनंदानं उड्या मारत होते.

आमचं घर केलगेरीच्या रस्त्याला, तिथून माझी इंग्रजी माध्यमाची शाळा चालत वीस मिनिटं. नंदा आठवीला माझ्या बाकावर येऊन बसली. पहिल्या चाचणीत ती इंग्रजीत नापास झाली. दुसऱ्या चाचणीत काठावर पास. वर्ष संपताना ती वर्गात दुसरी होती आणि मी एकविसावी. मला तिचा हेवा वाटायला हवा होता, पण तो वाटण्याइतकी मी अभ्यासाची नव्हतेच. पहाटे मला जाग यायची ती तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. आई नको म्हणायची, तरी ती उठायचीच. एका हातानं भाकरी फिरवत, समोर फळीवर पुस्तक उघडं ठेवून ती ओठांतल्या ओठांत पाठ करायची. आम्ही तिला चिडवायचो. ती "बल्ब" न म्हणता "दिवा" म्हणायची, पायरीवर बसून जेवायची, रस्ता ओलांडताना माझा दंड धरायची. "खेड्यातली पोर ती," असं आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "पण डोकं बघा." नंदा हसायची. पाच वर्षं ती आमच्या घरात खेड्यातली पोर म्हणूनच वावरली.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे ती कुणाला फारसं सांगायची नाही. त्यांच्या गावी बाजाराच्या दिवशी एक कंपाउंडर यायचा, पारावर बसायचा. नंदा आठ वर्षांची असताना त्यानं तिला सुया उकळायचा डबा धरायला दिला होता, आणि मग दर बाजाराला तो डबा धरायचं काम तिचंच झालं. बायका त्याला दुखणं नीट सांगायच्या नाहीत, लाजायच्या, हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं. ती मला म्हणाली होती, "तिथं बाई डॉक्टर पाहिजे गं विजू. बाईला सांगतील त्या." तिचं एवढंच म्हणणं होतं आणि त्यात कधी बदल झाला नाही. पैसे भरून मिळणारी जागा आमच्या किंवा आत्याच्या आवाक्यात स्वप्नातही नव्हती. म्हणजे सीईटी द्यायची, क्रमांक चांगला आणायचा आणि सरकारी कोट्यातली जागा मिळवायची.

आमच्या बारावीच्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ग्रामीण. खेड्यात शिकलेल्या मुलांसाठी वेगळ्या जागा राखून ठेवल्या होत्या, आणि त्यांचा क्रमांक बराच मागे असला तरी जागा मिळायची. अप्पा खूश होते. नंदाचं काम झालंच, असं ते स्टाफरूममध्येही बोलून आले. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते मुद्दाम कलघटगीची बस धरून आत्याकडे गेले आणि सांगून आले, "नंदाला ग्रामीण आहेच. काळजी करू नका, पोर डॉक्टर झाली समजा." आत्यानं म्हणे देवापुढे साखर ठेवली. आत्याचे यजमान फार बोलत नसत, पण त्यांनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना ही बातमी दिली, आणि ती गावभर झाली.

त्या रविवारी आलेली मुलगी नंदाच्याच गावची होती. रेणुका. नंदाबरोबर सातवीपर्यंत एका वर्गात होती, मग तिथंच दहावी करून बारावीला हुबळीला मावशीकडे राहत होती. नंदानंच तिला बोलावलं होतं, मामा अर्ज भरून देतात म्हणून. दोघी जमखान्यावर शेजारी शेजारी बसल्या. नंदाचा अर्ज आदल्या दिवशीच तयार झाला होता. घरचाच म्हणून अप्पांनी वाचून घेतला नव्हता की पेन्सिल लावायला सांगितली नव्हती. ते एकीकडे पेपर तपासत होते आणि मी विचारीन तसं सांगत होते. ग्रामीण कोट्याच्या रकान्यात मी माझ्या बऱ्या अक्षरात "होय" लिहिलं होतं. रेणुकाचा अर्ज मात्र रीतसर चालला होता. अप्पांनी तिला पुस्तिका हातात दिली आणि कानडीत म्हणाले, वाच, शेवटपर्यंत वाच. रेणुका अडखळत वाचत होती. अर्ज संपला, सूचना संपल्या, आणि पुस्तिकेच्या अगदी शेवटच्या पानांवर दाखल्यांचे नमुने आले. त्यातल्या ग्रामीण दाखल्यात एक तक्ता होता. दहा ओळी. पहिली, दुसरी, तिसरी, अशा दहावीपर्यंत, आणि प्रत्येक ओळीत शाळेचं नाव, गाव, तालुका.

अप्पा म्हणाले, "सगळ्या ओळीत तुझ्या गावचंच नाव येईल ना?"

"हौद्री सर," रेणुका म्हणाली. होय सर. "हत्तू वर्षा अल्लेरी." दहाही वर्षं तिथंच.

अप्पांनी मान हलवली आणि पुढं काही तरी सांगायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, रेणुकाच्या हातातून पुस्तिका घेतली आणि ते पान पुन्हा वाचलं. मग मागचं पान. मग पुन्हा ते पान. मी शाईचं पेन धरून बसले होते. आतून आई विचारत होती की किती जणांचं करू. नंदा अप्पांच्या तोंडाकडे बघत होती, आणि मला वाटतं तिला माझ्या आधी कळलं. ती हळूच म्हणाली, "मामा, माझ्या सातच ओळी होतात."

दहा वर्षं, सलग, खेड्यातल्या शाळेत. एक वर्ष कमी असलं तरी नाही. कन्नड माध्यमाच्या मुलांसाठी वेगळ्या थोड्या जागा होत्या, तिथंही दहा वर्षांचीच अट. आठवी, नववी, दहावी नंदानं शहरातल्या इंग्रजी शाळेत काढली होती, आमच्या घरी राहून, आमची भाकरी थापून. पाच वर्षं आम्ही जिला उठताबसता खेड्यातली म्हटलं, ती सरकारच्या लेखी शहरातली मुलगी होती. आणि जी तिथं वाया जाईल असं अप्पांनी तिच्याही वडिलांना सांगितलं असतं, ती रेणुका बरोबर जागेवर होती. अप्पांनी माझ्याकडून नंदाचा अर्ज मागून घेतला, "होय" वर आडवी रेघ मारली, शेजारी स्वतःच्या हातानं "नाही" लिहिलं आणि दुरुस्तीची छोटी सही केली. त्यानंतर त्यांनी रेणुकाचा अर्ज शेवटच्या रकान्यापर्यंत पुरा करून दिला, दाखल्यावर कुणाकुणाच्या सह्या लागतील ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं, तिला सुशीला खायला लावलं. नंदानं तिला बसस्टॉपपर्यंत सोडलं. परत आल्यावर ती म्हणाली, "मामा, तुमचा चहा निवला की. तापवून आणू?"

मला त्या क्षणी अप्पांचा भयंकर राग आला. जगाला "आधी वाच" सांगणारा माणूस स्वतःच्या भाचीसाठी चार पानं वाचत नाही? मग लगेच आठवलं की ती पानं तिच्या आठवीच्या वर्षी कुणी वाचायला गेलं असतं तरी कुठं वाचणार होतं? आणि दोन दिवस जेवण सोडून तिला आणलं होतं कुणी? राग ठेवायला मला जागा मिळेना. आई मात्र अप्पांना सरळ बोलली. "गावभर साखर वाटायला लावलीत. आता कोण जाऊन सांगणार?" अप्पाच गेले. परत आले तेव्हा आत्याचे यजमान बरोबर होते. ते ओसरीवर बसून खाली बघत म्हणाले, "गावचे हेडमास्तर माझ्या ओळखीचे आहेत. दहाही वर्षं लिहून देतो म्हणाले. विचारून घ्यावं म्हटलं." अप्पा आयुष्यात खोट्या कागदाला शिवले नव्हते. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि मी मनातून म्हणत होते की एकदा, फक्त एकदा हो म्हणा. अप्पा म्हणाले, "दहावीच्या मार्कांच्या कार्डावर धारवाडच्या शाळेचं नाव छापलंय हो." खोटं बोलायचीसुद्धा सोय नव्हती. अप्पांनी नाही म्हटलं ते तत्त्वानं की त्या कार्डामुळे, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

पुढचे तीन महिने नंदानं जो अभ्यास केला तो मी बघितलाय. आता सगळ्या राज्यातल्या मुलांच्या खुल्या यादीतच नंबर लागला पाहिजे होता. आई तिला भाकरीला हात लावू देईना. अप्पा संध्याकाळी तिचे पेपर घ्यायचे, पण चूक दाखवताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढायचा नाही, आणि तेच तिला नको वाटायचं. एकदा केलगेरीच्या तळ्यावर आम्ही दोघी फिरायला गेलो होतो. मी म्हणाले, "नंदा, माझ्यामुळे झालं सगळं." ती म्हणाली, "मला आता रसायनशास्त्राचं विचार. हे नको." मी पुस्तक उघडून प्रश्न विचारत गेले आणि ती उत्तरं देत गेली. मी तिच्यासाठी एवढंच करू शकत होते, आणि माझा प्रत्येक इंग्रजी उच्चार ती दुरुस्त करत होती.

क्रमांक आला तो चांगला होता. शेजारीपाजारी अभिनंदन करायला आले. ज्यांना त्यातलं कळत होतं ते मात्र आकडा ऐकून गप्प व्हायचे. रेणुकाचा क्रमांक नंदाच्या कितीतरी मागे होता. जागा निवडायला बेंगळूरला जायचं होतं, आणि रेणुकाच्या वडिलांना तिथलं काही माहीत नव्हतं. ते आमच्या दाराशी येऊन हात जोडून म्हणाले की सर, तुमच्या मुलीबरोबर माझीही घेऊन जा. तेव्हा अप्पा दोघींना घेऊन गेले. तिथं काय झालं हे मला नंदानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मोठ्या दालनात पडद्यावर उरलेल्या जागा दिसत असत, आणि नंदाची पाळी यायच्या अलीकडे वैद्यकीयच्या खुल्या जागा संपल्या. आत बोलावलं तेव्हा समोरच्या माणसानं दुसरं काही घेणार का विचारलं, ती नाही म्हणाली आणि बाहेर आली. ग्रामीणची यादी नंतर होती. अप्पा रेणुकाबरोबर आत गेले, कारण ती एकटी जायला घाबरत होती, आणि त्यांनी तिला हुबळीच्या कॉलेजातली जागा निवडून दिली. बाहेर बाकावर नंदा तिघांच्या पिशव्या सांभाळत बसली होती. परतीच्या गाडीत रेणुका झोपली, हे दोघे जागे होते. अप्पा तिला फक्त एकदा म्हणाले, "खिडकी लावू का?"

नंदा बी.एस्सी. झाली, मग बी.एड. आज कलघटगीत मुलींना जीवशास्त्र शिकवते, आणि चांगलं शिकवते असं तिच्या विद्यार्थिनी मला भेटल्यावर सांगतात. रेणुका डॉक्टर झाली आणि लग्न होऊन दूर गेली. त्यांच्या गावात बाई डॉक्टर अजून नाही. नंदाचं काही वाईट झालं नाही, असं लोक म्हणतात, मीही म्हणते. पण वाईट झालं नाही आणि हवं ते झालं यांत जे अंतर आहे ते आमच्या घरानं पाडलं, आणि आता मुलांचे अर्ज संगणकावर भरताना माझी मुलगी "आई, किती वेळा वाचतेस?" म्हणून हसते, तेव्हा मी तिला हे सांगत नाही.

बेंगळूरहून परत आल्यानंतरच्या आठवड्यात आत्या आली. नंदाची ट्रंक न्यायला नाही, नंदा तर धारवाडलाच कॉलेज करणार होती. ती येताना शेंगदाण्याची चटणी, तूप आणि नाचणीचं पीठ घेऊन आली होती, आणि आल्याआल्या आईच्या हाताखाली कामाला लागली. नंदाच्या पाठची शोभा त्या वर्षी सातवी पास झाली होती. ती आठवीला आमच्याकडे यायची हे कधीचंच ठरलेलं होतं. शाळा सुरू होऊनही गेल्या होत्या, पण आमच्या शाळेनं अप्पांच्या शब्दावर एक जागा धरून ठेवली होती, आणि प्रवेशाचा छापील अर्ज अप्पांनी मे महिन्यातच आणून कपाटात ठेवला होता. जेवणं झाल्यावर त्यांनी तो बाहेर काढला, पण हातातच ठेवला.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "अण्णा, शोभाला तिकडंच ठेवते म्हणतेय."

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. नंदासाठी तुम्ही केलंत तेवढं सख्खा बाप करत नाही."

"तिला दहावीपर्यंत हलवू नकोस," अप्पा म्हणाले. "एक वर्षसुद्धा नको. कुणी कितीही सांगितलं तरी." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "मी सांगितलं तरी."

कलघटगीच्या बसची वेळ झाली. आत्यानं पिशवी उचलली, आईला कुंकू लावलं, माझ्या आणि नंदाच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मग नेहमीप्रमाणे अप्पांच्या पाया पडायला वाकली. मोठा भाऊ म्हणून ती येताजाता पाया पडायची आणि अप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी ती वाकली आणि अप्पांनी पाय मागं घेतले, खुर्चीखाली, जेवढे जातील तेवढे. आत्याचा हात नुसत्या फरशीवर टेकला. ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग जिथं पाय होते त्या फरशीलाच हात लावून तिनं तो कपाळाला लावला, आणि वर न बघता पिशवी घेऊन बाहेर पडली.